दोन चाकांची वाटणी करणारी

मित्रांनो, गाडीखाली वाकून बघायची तुम्हाला सवय नाही, म्हणून माझी तुमची आजवर गाठ पडली नाही. मी एका लाल, बुटक्या, दोन दारांच्या शर्यतीच्या गाडीची जुनी डिफरन्शियल आहे. नाव अवघड वाटत असेल तर सोडून द्या. कामाकडे बघा.

इंजिन पुढं बसतं, सगळ्यांना दिसतं, गुरगुरतं, आणि सगळं कौतुक खातं. त्याची ताकद एका लांब दांड्यानं मागं येते. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचं गोल पोट असतं, ते माझं. आलेली ताकद दोन्ही चाकांना वाटून द्यायची, हे माझं काम. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? अर्धी इकडं, अर्धी तिकडं! अरे, वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच दाव्यानं बांधलं तर एक घासतं, दुसरं फरफटतं, आणि गाडी वळायचं सोडून सरळ खड्ड्याची वाट धरते. दोन सुनांचं घर ज्या बाईनं चालवलं तिला विचारा. कुणाला किती आणि कधी, हे न बोलता ओळखावं लागतं. आणि वाटणी करणाऱ्या हाताला कुणी ओवाळत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. कुठल्या, ते आता सांगता येणार नाही. पोटावरची अक्षरं घासून गेलीत. आधी माझ्या दातेरी चाकांना आगीत लाल केलं, मग तेलात बुडवलं. तेव्हा कुठं अंगात कडकपणा आला. मग मोठं चाक आणि छोटं चाक एकमेकांवर फिरवून घासलं, एकमेकांच्या दातांची सवय लावली. अशी जोडी एकदा जमली की मोडायची नसते. माणसांत मोडतात म्हणे. लोखंडात मोडत नाहीत.

माझा पहिला धनी शहरातला मोठा माणूस. रविवारी गाडी काढायचा, सोमवारी पुसायचा. मग तो म्हातारा झाला. गाडी चिंचेखाली उभी राहिली, अंगावर ताडपत्री. वर्षामागून वर्षं गेली. माझ्या पोटातलं तेल तळाशी बसलं, वरच्या दातांना गंज चढला. माझ्यावर मुंगसानं पिलं वाढवली, पण मी ब्र काढला नाही.

तिथून मला, गाडीसकट, कडूबानं उचलून आणलं. पैठण रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. मूळचा बिडकीनचा शेतकरी गडी, पण नांगरापेक्षा पान्यात जीव. त्यानं मला उघडलं, डिझेलनं धुतलं, दातावरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "लोखंड चांगल्या घरचं हाये रे. हिला भंगारात टाकणाऱ्याचे हात झडतील." मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी चांगल्या घरची म्हणालं. मी मनाशी ठरवलं, ह्या माणसाच्या दारात आपला आवाज निघणार नाही.

तेव्हापासून कडूबा मला 'ती' म्हणायला लागला, आणि त्याच्या मागं सगळे.

गाडी चालवणारी पोरगी म्हणजे कडूबाच्या चुलतभावाची लेक, प्रेरणा. ट्रॅक्टरवर हात बसलेला. आता वाळूजच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिचा भाऊ गोकुळ तिच्या शेजारी बसून पुढचं वळण कसं आहे ते वाचून दाखवतो. शर्यतीत चालवणाऱ्याला रस्ता बघायला फुरसत नसते, म्हणून रस्ता सांगणारा वेगळा लागतो.

शर्यतीसाठी कडूबानं माझ्या पोटात चकत्या बसवल्या. वळणात गाडी कलली की आतलं चाक हलकं होतं आणि फुकट गरगरतं. त्या चकत्या त्याला आवरतात. पण आवरायचं म्हणजे घासायचं, आणि घासायचं म्हणजे तापायचं. सरळ रस्त्यावर मला डुलकी येते. मला मारतं ते वळण, आणि वळणातून बाहेर पडताना दाबलेला पाय. रोजच्या कामात जी डिफरन्शियल गाडीच्या जन्माला पुरते, तीच शर्यतीत एका सकाळीत म्हातारी होते. म्हणून कडूबा दर शर्यतीनंतर माझं तेल काढायचा, दोन बोटांत घेऊन उन्हात धरायचा. चमचम दिसली की समजायचं, दात झिजायले.

आणखी एक गोष्ट सांगते, नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझ्या माथ्यावर एक बारीक नाक आहे. हरभऱ्याएवढी टोपी, तिला टाचणी जाईल एवढं भोक. मी तापले की पोटातली हवा फुगते आणि त्या भोकातून बाहेर पडते. ते भोक बंद झालं तर हवा दुसरी वाट शोधते. ती वाट म्हणजे माझ्या तोंडाशी, जिथं इंजिनाचा दांडा शिरतो, आणि चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही हातांशी बसवलेली रबरं. त्यातून हवा जाते ती एकटी जात नाही, तेल घेऊन जाते.

आता खंडेनवमीचं ऐका.

त्या दिवशी गॅरेजात हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, वेल्डिंगचं यंत्र, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेली, म्हणजे खालूनही दिसेल अशी. बिडकीनहून प्रेरणाची आजी आली, भागूबाई. नऊवार लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि जीभ अशी की विळा बरा. तिनं कडूबाला दारातच घेतलं.

"का रे, पोरीला घाटात पळवतो म्हणं."

"मी कशाला पळवू, काकू? ती मला पळवायली."

"तिला काय झालं तर तुला बाभळीला उलटा टांगीन."

"टांगा. पण आधी जेवून घ्या."

सगळे मागच्या खोलीत जेवायला बसले. भागूबाईचा उपास होता, म्हणून ती गाडीजवळ थांबली. हळदीकुंकू वाहता वाहता वाकली आणि तिला मी दिसले. गोल, काळी, तेलानं तुकतुकीत. तिनं हातच जोडले. मित्रांनो, आमच्या भागात देवाला नाक, डोळे, चेहरा लागतोच असं नाही. नुसता गोल दगड असतो, त्याला तांदळा म्हणतात. बांधावर, वेशीवर, लिंबाखाली. त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, थरावर थर. भागूबाईला मी तांदळा दिसले.

तिच्या पिशवीत शेंदराची पुडी होती. परतताना वेशीवरच्या म्हसोबाला लावायची होती, ती माझ्या वाट्याला आली. तिनं तेलात कालवून मला माथ्यापासून पोटापर्यंत लिंपलं. बोटानं दाबून दाबून. "माह्या लेकराला सांभाळ गं बाई," म्हणाली. माझं नाक त्या थराखाली गेलं.

खोटं बोलणार नाही, मला बरं वाटलं. उभ्या जन्मात मला कुणी नमस्कार केला नव्हता. इंजिनाला हार पडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. माझ्या अंगावर रस्त्याचा चिखल. त्या दिवशी माझ्या अंगावर देवाचा रंग होता. मी फुगले. शब्दशः फुगायची पाळी पुढं यायची होती.

कडूबानं दुसऱ्या दिवशी गाडी खाली उतरवली. खालून बघायचं कारण नव्हतं, तेल आधीच बदललेलं. दोन-चार फेऱ्यांत शेंदरावर धूळ बसली, तेल वाळलं, थर टणक झाला.

शर्यत होती सोयगावच्या बाजूला. एका घाटानं वर चढायचं, माथ्यावरची सपाटी कापायची आणि पलीकडच्या घाटानं उतरायचं. रस्ता सकाळपुरता बंद केलेला. गाड्या एकेक करून सोडायच्या आणि वेळ मोजायचा. पहिले तीन येतील त्यांना दक्षिणेतल्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होते. प्रेरणाला ते हवं होतं. गेल्या वर्षी ती चौथी आली होती. तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला लागलं होतं.

सुटायच्या जागी शंतनू म्हणून एक शहरातला पोरगा होता. नवी गाडी, नवे हातमोजे, चकचकीत हेल्मेट. आमच्या गाडीकडे बघून हसत म्हणाला, "ताई, ही वर जाईल ना? का ढकलायला माणसं आणलीत?"

"आणलीत ना," प्रेरणा म्हणाली. "तुमच्यासाठी."

झेंडा पडला, आम्ही सुटलो; शंतनूचा नंबर आमच्यामागं होता. प्रेरणानं क्लच सोडला आणि इंजिनाची सगळी ताकद माझ्या छोट्या चाकाच्या दातावर येऊन आदळली. असा धक्का बसतो तेव्हा कच्च्या घरचीचे तुकडे होतात. मी घेतला आणि वाटला.

घाट सुरू झाला. "उजवं, आवळतंय. मग डावं, उघडं. डावीकडं दरी," गोकुळ सांगायचा आणि प्रेरणा गाडी कोपऱ्यात फेकायची, बाहेर पडताना पाय दाबायची. मी एका चाकाला आवरायचे, दुसऱ्याला सोडायचे. पोरगी काय चालवत होती! मनात म्हणलं, हिला आज कुणी गाठत नाही.

आणि मग मला धाप लागली.

हवा फुगली, माथ्याकडे गेली. वाट बंद. तिनं धक्का दिला, थर हलला नाही. पोट ताठ झालं. पुढच्या वळणाला माझ्या तोंडाशी असलेलं रबर उचललं गेलं आणि तेलाची चिळकांडी उडाली. मग डाव्या हाताकडून. मग उजव्या. माझं रक्त रस्त्यावर सांडत होतं, आणि वर गाडीत दोन लेकरं बसली होती. त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

तेल गेलं की काय होतं ते सांगते. छोट्या चाकाच्या मागं एक बेअरिंग असतं. ते कोरडं पडलं की तापतं, निळं पडतं, आणि एका क्षणी आवळून बसतं. बसलं की मागची दोन्ही चाकं जागच्या जागी अडकतात. चढावर अडकली तर गाडी थांबेल. उतारावर, वळणात अडकली, तर गाडी वळत नाही. ज्या बाजूला दरी आहे त्या बाजूला जाते.

आणि आता चढ संपत आला होता.

मित्रांनो, ज्या डिफरन्शियलीतून आवाज येतो तिला गॅरेजात 'रडकी' म्हणतात. बाजारात रडकीला किंमत नाही. माझा सगळा ताठा ह्या एका गोष्टीवर होता की मी कधी रडले नाही. चिंचेखाली नाही, धक्क्यात नाही. दात खाऊन गप राहायचं, हेच मी चांगल्या घरचं लक्षण समजत आले. अजूनही गप राहू शकले असते. दातांवर उरलेल्या ओशटावर अजून थोडं अंतर कापलं असतं. पहिल्या नंबरानं माथा ओलांडला असता. मग उतार.

मी ताठा सोडला. रडले. साधंसुधं नाही, गळा काढून.

गाडीत आधी कुणी मनावर घेतलं नाही.

"गोकुळ, आवाज येतोय का तुला?"

"टायरचा हाये. पुढं सपाटी, मग लांब डावं."

"टायर असा रडत नाय."

"ताई, माझ्या घड्याळात शंतनूच्या सरावाच्या वेळेपुढं आहोत आपण. कानानं नको, पायानं चालव!"

प्रेरणानं आणखी पाय दाबला. माझा आवाज चढला. पण पोरगी कडूबाच्या हाताखाली तयार झालेली. त्यानं तिला शिकवलं होतं, ओढताना रडते का सोडताना रडते ते बघ, दुखणं वेगळं असतं; दोन्हीत रडली तर बेअरिंग गेलं समज. तिनं क्षणभर पाय उचलला. मी त्याच सुरात रडत राहिले.

"पाय सोडला तरी रडायलीय," ती म्हणाली.

"खाली गेल्यावर बघू."

"वास घे."

गोकुळनं हेल्मेटची काच वर केली. जळलेल्या गियर ऑइलचा वास, कुजलेल्या लसणासारखा. त्यानं काच परत खाली ओढली. मग हळूच म्हणाला, "ताई, गेल्या साली चौथं आलोत. यंदा पयलं यायलोत. उतार तेवढा राहिला. एवढा एक काढ."

समोर सपाटीचं टोक दिसत होतं. तिथं मांडव, माणसं, आणि पुढं रस्ता एकदम खाली गायब झालेला. प्रेरणाचा पाय पेडलवरच होता. न दाबलेला, न काढलेला. मित्रांनो, माझ्या जन्मात एवढा जड पाय मी सोसला नाही.

"आवळून धर," ती म्हणाली, आणि ब्रेक मारला.

डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक लागला नाही. तेल ब्रेकवर उतरलं होतं. गाडी तिरकी झाली, माणसं ओरडत बाजूला पळाली. प्रेरणानं स्टिअरिंग उलटं फिरवलं, ब्रेक सोडून पुन्हा मारला, आणि गाडी टायरांच्या रचलेल्या ढिगावर थडकून थांबली. पुढं दोन ढांगांवर उतार सुरू होत होता. त्याच वेळी माझ्या पोटात ते बेअरिंग कर्रकन आवळलं आणि मी गच्च झाले. ना पुढं, ना मागं.

गोकुळ खाली उतरला, रस्त्याच्या टोकाशी गेला, खाली बघितलं. परत आला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. "म्या काय बोललो ते आजीला सांगू नको," म्हणाला.

थोड्याच वेळात शंतनूची गाडी बाजूनं निघून गेली. प्रेरणा टायरांवर बसून तिच्याकडे बघत राहिली. डोळे पुसले नाहीत, कारण भरू दिलेच नव्हते.

कडूबा मांडवातच होता. पळत आला, गाडीखाली सरपटला, मला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला. मग त्यानं माथ्यावरचा थर पाहिला. पेचकसानं खरवडला. नाक मोकळं झालं आणि कोंडलेली वाफ अशी फुसकारून बाहेर आली की तो मागं पडला.

"कोणत्या गाढवानं हिचं नाक बुजवलं?" तो ओरडला. "शेंदूर? डिफरन्शियलीला शेंदूर? कोण हाये ते गाढव?"

नातीची शर्यत बघायला आलेली भागूबाई मांडवातनं काठी टेकत पुढं आली.

"ते गाढव म्या हाये," ती म्हणाली. "बोल, पुढं काय?"

कडूबा गाडीखालून धडपडत बाहेर आला. "काकू... तुम्ही?"

"देव म्हणून लावला. नाक असतं हे मला कुणी सांगितलं? तुमचं सगळं यंत्राचं गुपित. बायांनी निस्ती आरती करायची." ती त्याला बोलत होती, पण बघत होती प्रेरणाकडे. "पोरी, तुझी शर्यत माह्या हातानं गेली."

"आजी, राहू द्या."

"कामून राहू द्या? गेली ती गेली. मला बोल. गप बसू नको. तू गप बसली की मला भ्या वाटतं."

तेव्हा प्रेरणा रडली. आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून, हेल्मेट हातातच. आणि मी, त्या गाडीखाली गार होत होत, पहिल्यांदा समजले की आवाज करण्यात कमीपणा नसतो. आवाज केला म्हणून ती रडायला शिल्लक होती.

गॅरेजात कडूबानं मला उघडलं. बेअरिंग निळं, रबरं जळालेली, मोठ्या चाकाच्या दातांवर ओरखडे. त्यानं बोट फिरवलं आणि मान हलवली. "शर्यतीला नाय चालायची आता." गोकुळ म्हणाला, भंगारात देऊ. भागूबाई गुरकावली, "तुझ्या आज्याला दिलं व्हतं का भंगारात? त्याच्या बी गुडघ्यात आवाज यायचा."

मग मला नवं बेअरिंग बसवलं आणि बिडकीनच्या शेतातल्या जुन्या गाडीखाली घातलं. आता मी मोसंबी वाहते. सावकाश, सरळ रस्त्यानं. थोडी कुरकुरते. ऐकणारे ऐकतात, तेल घालतात. शर्यतीच्या गाडीला दुसरी आणली, तरणीबांड. मला हेवा वाटतो. वाटणारच.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना कुंकू लावा, हार घाला, नका घालू म्हणत नाही. पण आधी वाकून बघा, आमचं नाक कुठं आहे. तेल बोटावर घेऊन बघा. घरात जे कधीच कुरकुरत नाही, ते मजबूत आहे असं धरून चालू नका. यंत्र असो की बाईमाणूस, गप असलं म्हणून तापत नाही असं नसतं. आणि ज्या दिवशी त्याचा आवाज निघेल त्या दिवशी, पहिला नंबर जात असला तरी, पाय काढा.

परवा प्रेरणा नव्या शर्यतीला निघाली. मी शेजारीच उभी होते, मोसंबीच्या जाळ्या भरायच्या होत्या. तिची गाडी नुकतीच एक फेरी मारून आली होती, इंजिन सुरूच होतं. भागूबाईनं काठी बाजूला ठेवली, लुगडं खोचलं आणि कण्हत गाडीखाली वाकली. लोकांना वाटलं, पाया पडते. तिनं नव्या डिफरन्शियलीच्या नाकापुढं तळहात धरला, झोपलेल्या तान्ह्या पोराच्या नाकापुढं धरतात तसा, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"चालू हाये गं श्वास," ती आतूनच ओरडली. "जा आता. पळव."